साधे की बिसलेरी? कोल्हापूरच्या घोटभर पाण्याचा इतिहास (थ्रेड)

कोल्हापुरात तांबडा-पांढरा खायला बसलेल्या माणसापुढे ताट येण्याआधी एक प्रश्न येतो : "साधे पाणी की बिसलेरी?" विचारणाऱ्याला घाई असते आणि उत्तर देणाराही फारसा विचार करीत नाही. सोबत परगावचा पाहुणा असेल, लहान मूल असेल, पावसाळ्याचे गढूळ दिवस असतील तर बाटली. नेहमीचे गिऱ्हाईक असेल तर स्टीलचा जग.

या प्रश्नातला 'साधे' हा शब्द इतिहासाच्या दृष्टीने फार तरुण आहे. नळाचे पाणी या शहरात आले तेव्हा ते मुळीच साधे नव्हते. ते नवलाचे होते, दरबारी खर्चाने आणलेले होते, आणि अनेकांना त्याविषयी शंका होती. शंका जंतूंची नव्हती, कारण जंतू कुणाला ठाऊकच नव्हते. पाण्याला कुणाचा हात लागला आहे, ही ती शंका होती. नळ आणि बाटली यांतील आजची निवड समजून घ्यायची तर सुरुवात तिथून करावी लागते.

कोल्हापूर हे मुळात तळ्यांचे शहर. वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, पद्माळा, रावणेश्वर, सिद्धाळा ही नावे आजही शहरात ऐकू येतात, फक्त त्यांत पाणी उरलेले नाही. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, कपिलतीर्थावर भाजी मंडई बसली, रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभे राहिले, पद्माळ्याची पद्माराजे उद्यान म्हणून ओळख झाली. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साचते आणि दरवर्षी त्याची बातमी होते. पाण्याला आपली जागा आठवते, माणसांना तेवढी आठवत नाही.

तळी होती म्हणजे पिण्याचे पाणी मुबलक होते, असे मात्र नव्हे. तळ्यातच धुणे, तळ्यातच गुरे, तळ्यातच निर्माल्य. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की तळाचा हिरवा थर वर येई. पंचगंगा जवळ होती, पण घाटावरून घागर वर आणणे हे बायकांच्या कंबरेचे काम होते किंवा ऐपत असेल त्यांच्या घरी पखालीचे. पखाल म्हणजे कातड्याची पिशवी. तिचे पाणी सोवळ्याला चालत नसे.

शहराबाहेर दक्षिणेला कात्यायनीचे डोंगर आहेत. तिथल्या झऱ्यांचे पाणी बांधीव मार्गाने उतारावरून शहरात आणण्याचा प्रयत्न जुन्या काळीच झाला होता. 'पाण्याचा खजिना' हे शहरातील एका भागाचे नाव त्या जुन्या व्यवस्थेचीच आठवण आहे. साठवणीच्या हौदाला खजिना म्हणणाऱ्या माणसांना पाण्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नसणार.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच दिशेला कळंबा तलाव बांधला गेला. १८५४ साली कोल्हापूरला नगरपालिका मिळाली होती. तिच्या शहराला आता एक नियोजित, बांधीव जलस्रोत मिळाला. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे पाणी आपल्याच भाराने नळांतून खाली येई. पंप नाही, इंजिन नाही, बैल नाही. आज वीज गेली की पाणी जाते. त्या काळच्या नळाला ही अडचण ठाऊक नव्हती.

आता प्रश्न आला सोवळ्याचा. ज्या घरात ओलेत्याने विहिरीवर जाऊन, कुणाचा स्पर्श न होऊ देता स्वयंपाकाचे पाणी भरले जाई, तिथे लोखंडी नळीतून, कुठल्याशा तलावातून, कुणाकुणाच्या देखरेखीखाली येणारे पाणी देवाच्या नैवेद्याला कसे चालावे? नळाच्या तोटीतील चामड्याची चकती हा त्या काळी गंभीर वादाचा विषय होता. आज हे वाचताना हसू येते. पण त्या माणसांच्या मनात पाण्याची शुद्धता म्हणजे ते भरणाऱ्याची शुद्धता होती, आणि नळ भरणारा कोण, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

हा वाद कोल्हापूरपुरता किंवा महाराष्ट्रापुरता नव्हता. १८७० साली कलकत्त्यात गाळलेले नळाचे पाणी आले तेव्हा तिथल्या सनातनी मंडळींत असाच खल झाला. अखेर पंडितांनी तोड काढली : पाण्यासाठी कर भरावा लागतो, तेव्हा त्या पैशातच प्रायश्चित्त झाले असे समजावे. पाणीपट्टीचा इतका उदात्त अर्थ नंतरच्या कुठल्याही नगरपालिकेला लावता आलेला नाही.

त्याच कलकत्त्यात १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख याला एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. तळ्याभोवतीच्या वस्तीत साथ चालू होती. पाणी स्वच्छ दिसणे आणि पाणी सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या तळ्याने दाखवून दिले. पुढे नळाचा पुरस्कार करणाऱ्यांच्या हाती हेच मोठे शस्त्र आले. पटकीच्या साथींनी गावेच्या गावे ओस पडताना पाहिलेल्या पिढीने नळ स्वीकारला, यात आश्चर्य नाही.

परंतु 'हात कुणाचा' हा प्रश्न जंतूंच्या शोधाने मिटला नाही. जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. एका घरचा एक हौद खुला होणे ही घटना इतिहासात नोंदवावी लागते, यावरून बाकीच्या हौदांची स्थिती कळते.

कोल्हापुरात या प्रश्नाने ज्या ठिकाणी पेट घेतला ती जागा ना मंदिर होती ना सार्वजनिक विहीर. ती होती संस्थानची घोड्यांची पागा. राजर्षी शाहू महाराजांच्या सोनतळी येथील पागेत गंगाराम कांबळे नोकरीला होते. एके दिवशी त्यांनी सवर्ण नोकरांसाठी राखून ठेवलेल्या पाण्याला हात लावला. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. पागेतल्या सवर्ण नोकरांनी गंगाराम यांना चाबकाने फोडून काढले.

पाण्याच्या त्या हौदावर राजाचा शिक्का होता, पागा राजाची होती, नोकर राजाचे होते. तरीही पाणी कुणी प्यावे हा कायदा राजाचा नव्हता. महाराज परतल्यावर गंगाराम यांनी पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढण्यास सांगितले.

गंगाराम यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान थाटले. नाव 'सत्यसुधारक हॉटेल'. दुकान स्वच्छ, चहा चांगला, आणि गिऱ्हाईक नाही. भर रस्त्यावर, ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज स्वतः गाडी तिथे थांबवून चहा पिऊ लागले, आणि आपल्याबरोबरच्या मातब्बर मंडळींनाही पाजू लागले. राजाने घेतल्यावर सरदार नाही कसे म्हणणार! दुकानाला सोडावॉटरचे यंत्रही महाराजांनी मिळवून दिले, अशी आठवण सांगितली जाते.

हा प्रसंग सहसा समतेची गोष्ट म्हणून सांगितला जातो आणि ती तशी आहेच. पाण्याच्या इतिहासात मात्र त्याला आणखी एक अर्थ आहे. पाण्याविषयीचा अविश्वास युक्तिवादाने गेला नाही. ज्याच्याकडे न पिण्याचे सर्वाधिक स्वातंत्र्य होते, ज्याच्या वाड्यावर हवे ते पाणी हजर होते, तो माणूस सर्वांसमोर प्यायला, म्हणून गेला. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याची गरज पुढे पडणार आहे.

१९१९ साली महाराजांनी हुकूम काढून संस्थानातील सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने येथे शिवाशिव पाळण्यास मनाई केली. मार्च १९२० मध्ये कागलजवळच्या माणगाव येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्षस्थानी होते आणि महाराज तिथे उपस्थित राहिले. सात वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. त्या ओंजळीचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने मान्य करायला १९३७ साल उजाडले. दहा वर्षे एका तळ्यासाठी.

नळ आला आणि ही सगळी दुष्टता आपोआप वाहून गेली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. विहिरीवर माणसाला अडवता येते. नळाच्या बाबतीत नळच कोणत्या गल्लीपर्यंत न्यायचा हे ठरवता येते. तरीही सार्वजनिक नळात एक गुण होता जो विहिरीत नव्हता. तोटी सोडणाऱ्याला ती जात विचारीत नसे, आणि एकाच नळवाहिनीवर राहणाऱ्या दोन घरांना वेगवेगळे पाणी देता येत नसे. वरच्या गल्लीत गढूळ आले की खालच्या गल्लीतही गढूळच. तक्रार दोघांची एकच, आणि ती करणाऱ्यांत एखादा वकील, एखादा मास्तर, एखादा इनामदार असायचाच.

शहर वाढले तसे कळंब्याचे पाणी पुरेना. शाहू महाराजांनी १९०७ मध्ये भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाची योजना हाती घेतली होती. ते काम पैशाअभावी रेंगाळले आणि स्वातंत्र्यानंतर पूर्णत्वास गेले. त्याची सात स्वयंचलित दारे आज पावसाळ्यातला एक लोकप्रिय विषय आहेत. 'किती दारे उघडली?' हा जुलैतल्या कोल्हापूरकराचा 'काय, बरे आहे ना?' इतकाच नेहमीचा प्रश्न. धरणाने नदीला उन्हाळ्यातही पाणी दिले आणि शहराने नदीवर उपसा केंद्रे उभारली : भोगावतीच्या काठी बालिंगा आणि नागदेववाडी, पुढे पंचगंगेवर शिंगणापूर.

याच काळात नळाचे पाणी खऱ्या अर्थाने 'साधे' झाले. पाहुण्याला तांब्या देताना कुणी पाण्याविषयी काही बोलत नसे. पावसाळ्यात तुरटी फिरवायची, फार तर उकळायचे, फडक्याने गाळायचे. १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. पाणी दिसेनासे झाले, म्हणजे त्याच्याविषयी विचार करण्याची गरज उरली नाही. आणि कोणत्याही सार्वजनिक सेवेला याहून मोठे प्रशस्तिपत्र नसते.

बाटली अशाच काळात आली, आणि आली ती अगदी वेगळ्या वर्गासाठी. बिसलेरी हे एका इटालियन माणसाचे आडनाव. फेलिचे बिसलेरी हा लोहयुक्त औषधी पेय विकणारा उद्योजक. त्याच्या नावाची कंपनी पुढे भारतात आली आणि १९६५ मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पाण्याचा कारखाना निघाला. काचेच्या बाटलीतले पाणी मुंबईच्या बड्या हॉटेलांत विकले जाई. पाणी विकत घेणार कोण, असे म्हणत लोक हसले. १९६९ मध्ये पार्लेच्या चौहानांनी तो व्यवसाय ४ लाख रुपयांना घेतला. त्यांनाही त्यातील सोड्याच्या नावाचे आकर्षण अधिक होते, असे सांगतात.

ज्या समाजात वाटसरूला पाणी पाजणे हे पुण्य, जिथे चैत्र लागला की चौकाचौकात पाणपोई आणि तिच्यावर कुणाच्या तरी स्मृतीची पाटी, तिथे पाण्याला किंमत लावणे ही कल्पनाच ओशाळवाणी होती. ती रूढ होण्यास काच जाऊन हलके प्लॅस्टिक यावे लागले, एस.टी. स्टँडवर आणि रेल्वेत बाटली हातात मावावी लागली, आणि मुख्य म्हणजे नळाविषयी मनात किंतु यावा लागला. नव्वदच्या दशकात या तिन्ही गोष्टी एकदम घडल्या. २००१ मध्ये बाटलीबंद पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आय.एस. १४५४३ हे मानक सक्तीचे झाले.

इथे एक विषमता आहे. नळाच्या पाण्यासाठीही मानक आहे, आय.एस. १०५००, पण ते पाळण्याची तशी कायदेशीर सक्ती पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांवर नाही. म्हणजे विकत घेतलेल्या लिटरमागे कायदा उभा राहिला आणि लाखो माणसे पितात त्या लिटरमागे शिफारस. कायदा मागे असूनही बाटली निर्दोष ठरली नाहीच. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने नामांकित ब्रँडच्या बाटल्या तपासल्या तेव्हा त्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. बाटलीतले बरेचसे पाणी शेवटी जमिनीतूनच उपसलेले होते, आणि जमिनीत आपण जे ओतले होते ते त्यात होते.

कोल्हापुरात नळाविषयी किंतु आला तो नदीमुळे. शहराच्या पोटातून जयंती नाला आणि दुधाळी नाला वाहतात. वर्षानुवर्षे त्यांतून शहराचे सांडपाणी पंचगंगेत गेले. शहर वाढत गेले, काठची गावे वाढत गेली, कारखाने वाढत गेले. नदी मात्र तेवढीच राहिली. सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आली ती उशिरा. मेलेल्या माशांचा खच आणि जलपर्णीचा हिरवा गालिचा ही छायाचित्रे वर्तमानपत्रांत जणू ऋतुचक्राचा भाग बनली.

यातला भूगोल समजून घेणे आवश्यक आहे. कोल्हापूर आपले पाणी शहराच्या वरच्या अंगाला उचलते आणि घाण खालच्या अंगाला सोडते. वरच्या गावांचे सांडपाणी कोल्हापूरच्या वाट्याला येते, आणि कोल्हापूरचे खालच्यांच्या. खाली इचलकरंजी आहे. यंत्रमागांचे गाव, महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून मिरवलेले, २०११ च्या जनगणनेत जवळजवळ तीन लाखांचे. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे काविळीची मोठी साथ आली. माणसे दगावली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. काविळीचा विषाणू पाण्यातून येतो, हे त्या उन्हाळ्यात इचलकरंजीच्या शाळकरी मुलांनाही माहीत झाले.

जिल्ह्यातल्या घरोघरी त्यानंतरची वर्षे भिंतीवर अडकवलेल्या यंत्रांची आहेत. ज्याला परवडले त्याने आर.ओ. बसवले. वास्तविक सह्याद्रीतून उतरणारे हे पाणी क्षारांच्या दृष्टीने मुळात हलके. इथला प्रश्न क्षारांचा नसून मैल्याचा. क्षार काढणारे यंत्र त्यासाठी लागत नाही, शिवाय ते बरेच पाणी फेकूनही देते. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी क्षार असतील तिथे आर.ओ. वापरू नये, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये बजावले. पण भीती मोजमाप करून येत नाही आणि यंत्र विकणाराही ते करीत नाही.

ज्याला यंत्र परवडले नाही त्याच्यासाठी निळा जार आला. वीस लिटरचा, रिक्षाटेम्पोतून दारात येणारा. लग्नात, बारशात, कचेरीत, वखारीत. गावोगावी पाच-दहा रुपयांचे नाणे टाकून पाणी देणारी यंत्रेही आली. यांतले बरेच पाणी सीलबंद नसते, त्यामुळे कायद्याच्या व्याख्येतील 'बाटलीबंद पाणी' ते ठरत नाही. मानकाची सक्ती त्याला लागत नाही. थोडक्यात, बाटलीचा दिलासा आणि बाटलीवरचा कायदा या दोहोंतील दिलासा तेवढा जारमध्ये उतरला.

किमतीचा हिशेब सोपा आहे. २० रुपये लिटरची बाटली म्हणजे हजार लिटरला २०,००० रुपये. तेवढ्याच नळाच्या पाण्याला घरगुती पाणीपट्टीत मोजावे लागतात ते मोजके रुपये. हा फरक पाण्याचा नाही. तो विश्वासाचा भाव आहे, आणि विश्वास ही वस्तू सर्वांत महाग तेव्हा होते जेव्हा ती फुकट मिळेनाशी होते.

मग ऑगस्ट २०१९ आला.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशाऱ्याची खूण, ४३ फूट धोक्याची. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि शहर बेटासारखे एकटे पडले. नदीकाठची उपसा केंद्रे बुडाली, पंप पाण्यात गेले. ज्या शहराच्या रस्त्यांत होड्या चालत होत्या त्या शहराच्या नळांना थेंब नव्हता.

तेव्हा 'साधे की बिसलेरी' हा प्रश्नच उरला नाही. बचाव पथकांच्या बोटींतून बाटल्या आल्या. रस्ता खुला झाल्यावर महाराष्ट्रभरातून ट्रक आले. उंचावरच्या भागांत टँकरपुढे रांगा लागल्या. इतकी वर्षे कचरा टाकण्यापुरत्या उरलेल्या जुन्या विहिरी काहींना आठवल्या. बाटलीची निंदा करणाऱ्यांनी हे दिवस विसरू नयेत : पूरग्रस्ताच्या हातातली सीलबंद बाटली ही चैन नव्हती. पण बाटलीने शहर चालत नाही, हेही त्याच दिवसांत दिसले. बाटली तहान भागवते. भांडी, बाळंतिणीचे न्हाणे, इस्पितळाची फरशी आणि संडास यांना नळच लागतो. पूर ओसरल्यावर लोकांनी पहिली चौकशी केली ती 'पाणी कधी सुटणार' याची. जुलै २०२१ मध्ये महापूर पुन्हा आला आणि पुन्हा तीच चौकशी.

शहराची जुनी मागणी होती की नदीत सांडपाणी मिसळण्याआधीच, धरणातून थेट पाणी आणावे. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणापासून पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत सुमारे ५३ किलोमीटरची थेट पाइपलाइन, खर्च ४८८ कोटींच्या घरात. मंजुरी, उद्घाटने, मुदतवाढी, आरोप-प्रत्यारोप असा सगळा संसार झाल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, ते पाणी शहरात पोचले. लोकप्रतिनिधींनी त्या पाण्याने अभ्यंगस्नान केले. एक गोष्ट इथे सुटू नये : स्नानाची छायाचित्रे गाजली, पण शंभर वर्षांपूर्वी भाऊसिंगजी रस्त्यावर जे घडले होते ते न्हाण्याचे नव्हते, पिण्याचे होते.

सभागृहातल्या बैठकीत टेबलावर ओळीने मांडलेल्या छोट्या बाटल्या पाहिल्या की ही तफावत जाणवते. पाणीपुरवठ्याचे निर्णय ज्या खोलीत होतात त्या खोलीत तो पुरवठा प्यायला जात नाही. जुन्या नळवाहिनीवर वकील आणि मास्तर सर्वांबरोबर तक्रार करायचे. आज त्यांच्या घरी यंत्र आहे, कचेरीत जार आहे, प्रवासात बाटली आहे. नळाला गढूळ आले तर त्यांना ते आंघोळीपुरते कळते. ज्यांचे म्हणणे ऐकले जाते ते रांगेतून निघून गेले. रांगेत उरले त्यांचे म्हणणे ऐकायला वेळ लागतो.

थेट पाइपलाइन ज्या दूधगंगेतून येते त्याच दूधगंगेचे पाणी इचलकरंजीनेही मागितले आहे. आधी वारणेचे मागितले होते, तेव्हा दानोळीच्या गावकऱ्यांनी रस्त्यावर उतरून ती योजना अडवली. मग सुळकूड येथून दूधगंगेचे पाणी आणण्याची योजना मंजूर झाली, तर कागल तालुक्यातून आणि नदीकाठच्या गावांतून विरोध उभा राहिला : आमच्या शेतीचे पाणी तुमच्या शहराला का? वरच्या शहरांनी नदी नासवली नसती तर इचलकरंजीला दुसऱ्याच्या नदीकडे हात पसरावा लागला नसता, असे तिथले लोक म्हणतात. गावकरी म्हणतात, ते खरे असेलही, पण ती नदी आम्ही नासवलेली नाही.

दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले, गावसभांचे ठराव झाले, मंत्रालयात बैठका झाल्या. इचलकरंजीच्या नळाला काही दिवसांआड पाणी येते. निळ्या जारांचा टेम्पो मात्र रोज सकाळी येतो.